जुन्याच बेटांवर, नव्याने

प्राध्यापकीच्या पेशात एक सोय असते. एकदा काढलेली टिपणे वर्षानुवर्षे चालतात. अद्भुतकथेवरची आम्हा दोघांची टिपणे अशीच पिवळी पडली आहेत. नायक घर सोडतो, संकटे झेलतो, परततो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "आणि घरी राहिलेल्यांचे काय?" आम्ही वेळ मारून नेली, पण त्या रात्री उर्सुला ले ग्विन पुन्हा वाचायला काढली.

या अमेरिकन लेखिकेची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ साली आली. गाँट बेटावरचा गेड, रोक बेटावरची जादूविद्येची शाळा, गर्वापोटी त्याने मोकळी सोडलेली सावली आणि अखेर त्या सावलीला स्वतःच्याच नावाने मारलेली हाक. १९७२ पर्यंत आणखी दोन भाग आले. कीर्ती पक्की झाली. लेखकाने इथे थांबावे, असाच रिवाज आहे.

पण रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता, आणि तो नियम खुद्द लेखिकेनेच केला होता! १९९२ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात बाईंनी हे मोकळेपणी तपासले. वीरकथेची परंपरा पुरुषांची, आणि आपणही तिच्यातच राहून लिहिले, हे त्यांनी लपवले नाही. त्याआधी, १९९० मध्ये, 'तेहानू' लिहून झाली होती. तिच्यात दुसऱ्या भागातली तेनार आता शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा आहे. तिच्या पदरात आगीत होरपळलेली एक पोर आहे. गेड परततो तो शक्ती गमावून, आणि पुन्हा शेळ्या राखू लागतो.

आम्हांला मोलाचे वाटते ते हे, की बाईंनी जुन्या पुस्तकांना नाकारले नाही. बेटे तीच ठेवली, फक्त चुलीपाशी बसून पाहिली. 'तेहानू'ला अर्थसीचे शेवटचे पुस्तक म्हटले होते; २००१ मध्ये आणखी दोन आली. शेवट म्हणण्यातली घाईही त्यांनी अशी दुरुस्त केली. २०१८ साली त्या गेल्या.

आमची टिपणे आम्ही फाडलेली नाहीत. समासात त्या मुलीचा प्रश्न लिहून ठेवला आहे. यंदा तास तिथूनच सुरू करावा म्हणतो. उत्तर अजून आमच्यापाशी नाही; पण वेळ मारून नेण्याचे वय, आम्हांला वाटते, आता सरले.