आमची गाडी म्हशींनी ओढली

“गाडी कशी आहे हो?” हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला निदान शंभर जणांनी तरी विचारला असेल. कुणी डेअरीच्या कट्ट्यावर विचारले, कुणी लग्नाच्या मांडवात. मी आपला दर वेळी “झकास!” म्हणून मोकळा होतो. पण ते उत्तर अर्धेच खरे आहे. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की तुमच्यापैकी अनेकांच्या घरी जेवताना हाच विषय निघणार. तेव्हा उरलेले अर्धे उत्तर आज सांगून टाकतो.

आमचे गाव हातकणंगले तालुक्यात, पंचगंगेच्या अंगाला. रान चार एकर, त्यात तीन एकर ऊस. गोठ्यात दोन म्हशी. घरात माझी आई, आम्ही दोघे, मुलगा, सून आणि नातू. मुलगा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला जातो. २०१८ च्या जानेवारीत त्यानेच विषय काढला.

“आण्णा, आज्जीला मिरजेला दवाखान्यात न्यायचं म्हंजे दर खेपेला कुणाची तरी गाडी मागायची. आपली एक घेऊया की. हप्त्याचं मी बघतो.”

आईचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे. गुडघे पार गेलेले. मोटरसायकलवर बसता येत नव्हते, एस. टी.ची पायरी चढवत नव्हती. नाही म्हणायला मला तोंड नव्हते. आणि खरे सांगायचे तर मलाही हौस होतीच.

घेतली ती सध्या जिकडेतिकडे दिसते तशी, उंच बांध्याची पण आखूड, पेट्रोलवर चालणारी. तिचे नाव इथे घेत नाही. कुणाची जाहिरात नको आणि कुणाची नालस्तीही नको.

या जातीच्या गाड्यांची जन्मकथा गमतीची आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने छोट्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. छोटी म्हणजे कोणती? लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सी.सी.पर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० सी.सी.पर्यंत. लोकांना तर जीपसारखी उंच गाडी हवी. मग कंपन्यांनी उंची जीपची ठेवली आणि लांबी सवलतीत बसवली. २०१३ साली फोर्डची इकोस्पोर्ट, २०१६ साली मारुतीची ब्रेझा, २०१७ साली टाटांची नेक्सॉन, अशा त्या एकामागून एक आल्या. पुढे जीएसटी आला तरी चार मीटरची रेघ तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून मला विचारणारेही वाढले आहेत.

आता गुण सांगतो. पहिला गुण बसण्याच्या उंचीचा. आई पहिल्या दिवशी काठी टेकत आली, पाठमोरी होऊन टेकली आणि पाय आत घेतले. म्हणाली, “वाकायचं न्हाई, चढायचं न्हाई. खुर्चीवर बसल्यागत हाय.” म्हाताऱ्या माणसांच्या घरात या एका गोष्टीला फार मोल आहे. दुसरा गुण पोटाखालच्या उंचीचा. या गाड्यांचे पोट जमिनीपासून सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे वीतभराला थोडे कमी, वर असते. उसाच्या ट्रॉल्यांनी पाणंदीत चाकोऱ्या पाडल्या तरी मधला उंचवटा सहसा घासत नाही.

दोषही ऐका. उंच दिसते म्हणून तिला जीप समजू नका. यातल्या बहुतेक गाड्यांची पुढचीच दोन चाके ओढतात. पहिल्याच पावसाळ्यात मुलाने काळ्या रानाच्या वाटेत गाडी घातली. चाके जागेवर फिरून फिरून रुतली आणि शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. सारे गाव बघायला जमले होते, ते वेगळेच.

शिवाय ती पाच माणसांची गाडी आहे. जोतिबाच्या यात्रेला निघालो की आठ जण दार धरून उभे राहतात, आणि नाही म्हणणे जड जाते. पण नाही म्हणा. २०१८ साली ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतीय गाडीला असा मान पहिल्यांदाच मिळाला. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप नावाने आपल्याकडेही चाचण्या होतात. मात्र हे तारे पट्टा बांधलेले पुतळे बसवून मिळालेले असतात, एवढे विसरू नका. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. नातवाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची माझी सवय सुनेने मोडली, ते बरेच झाले.

पेट्रोलचे म्हणाल तर आमची गाडी सुरुवातीला लिटरला पंधरा किलोमीटर जायची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी, त्यामुळे जुन्या गाडीचे सरासरी अंतर थोडे घटते. पण तक्रार कुणाकडे करणार? त्यातले काही इथेनॉल निघते आपल्याच उसातून!

दुसऱ्या मालकांची मतेही मी जमा केली आहेत. आमच्या गावातले एक शिक्षक गाडीवर बेहद्द खूश आहेत. पगार एक तारखेला, हप्ता पाच तारखेला, त्यांची रेल्वे रुळावरून चालली आहे. एक भाजीपाला करणारे मागची सीट पाडून वांग्याचे क्रेट वडगावच्या बाजाराला नेतात. ते म्हणतात, “मालाला गाडी अपुरी आणि पाव्हण्यांना वास येतो. त्यापेक्षा छोटा टेम्पो घेतला असता तर बरं.” एका तरुणाने डिझेलची घेतली आणि रोज घर ते रान असे तीन किलोमीटर हिंडवतो. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी मोठ्या रस्त्यावर बराच वेळ पळून तापली तरच ती काजळी जळते. याची गाळणी दर दोन-तीन महिन्यांनी तुंबते. “जवळच्या फेऱ्या असतील तर पेट्रोलच घ्या,” असे तो आता दुसऱ्यांना सांगतो. म्हणजे गाड्या साधारण सारख्याच, मत ठरते ते ज्याच्या-त्याच्या धंद्यावरून.

एवढ्यांची मते घेतली, पण घरातले एक मत घ्यायचे मी विसरलो होतो. त्यासाठी आधी हिशेब सांगावा लागेल.

गाडी रस्त्यावर यायला ८ लाख ४० हजार लागले. त्यातले २ लाख ४० हजार आम्ही शिलकीतून आणि उसाच्या बिलातून भरले, बाकी सहा लाख कर्ज. व्याज साडेनऊ टक्के, मुदत सात वर्षे, हप्ता महिन्याला सुमारे ९,८०० रुपये. सात वर्षांत बँकेत भरले सुमारे ८ लाख २४ हजार, म्हणजे व्याजच सव्वादोन लाख. मुदत पाच वर्षांची घेतली असती तर व्याज दीड लाखाच्या थोडे वर झाले असते, पण हप्ता १२,६०० च्या घरात गेला असता. विमा, सर्व्हिसिंग, टायर हे वेगळेच.

हप्ता महिन्याला, आणि ऊस वर्षाला. कारखान्याने ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी द्यावी, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. पण पैसे अगदी चौदाव्या दिवशी आले तरी ते वर्षातून एकदाच येतात. मुलाचे काम कंत्राटी, एखादा महिना भरतो, एखादा कोरडा जातो. मग दर पाच तारखेला बँकेत पैसे यायचे कुठून? आमच्या डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी होते. दोन्ही म्हशी दुभत्या असल्या की पेंडीचे पैसे कापून महिन्याला आठ-नऊ हजार हातात राहत. ते पैसे आजवर कारभारणीचे असत. मीठमिरची, लेकीची चोळीबांगडी, नातवाची फी ती त्यातून भागवी. ते केव्हा गाडीकडे वळले, हे मला कळलेही नाही. म्हैस भाकड झाली की दूध थांबते, हप्ता मात्र थांबत नाही.

अशात २०१९ चा ऑगस्ट उजाडला. पंचगंगा किती चढली हे तुम्हाला सांगायला नको, शिरोलीजवळ महामार्गच कित्येक दिवस बंद होता. पाणी वाढताच आम्ही गाडी हातकणंगल्याला पाहुण्यांच्या दारात उंचावर नेऊन ठेवली, जनावरेही हलवली. गावातल्या एकाची गाडी मात्र सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर त्याने उत्साहाने चावी फिरवली आणि इंजिनात शिरलेल्या पाण्याने इंजिन फोडले. बुडालेली गाडी कधीही चालू करून बघू नका, तशीच उचलून कारागिराकडे न्या. विमा उतरवताना इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतले आहे का, तेही बघा, कारण साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही. आणि वाहत्या पाण्यात गाडी घालूच नका. फूटभर वाहते पाणी छोट्या गाडीची पकड सोडवते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात.

आमची गाडी वाचली, पण ऊस पाण्यात उभा राहून कुजला. त्या हंगामाचे बिल निम्म्यावर येणार हे दिसतच होते. दोन हप्ते थकले. नोव्हेंबरात मी धाकटी म्हैस वडगावच्या बाजारात नेली. ती घरच्याच म्हशीची रेडी, कारभारणीने हाताने दूध पाजून वाढवलेली. थकबाकी फिटली आणि पुढच्या काही हप्त्यांची सोय झाली.

पुढच्या आठवड्यात पाहुण्यांकडे लग्न होते. सगळे गाडीत बसले. ही मात्र सोप्यातच उभी.

“तुम्ही जावा. मी येस्टीनं येतो,” म्हणाली.

मला राग आला. दारात गाडी असताना एस. टी. कशाला? मुलाला पुढे पाठवले आणि मी मागे थांबलो. तिने काही न बोलता देवळीतली वही काढून माझ्या हातात दिली. डेअरीचे प्रत्येक बिल त्यात लिहिलेले, आणि त्यातले किती बँकेत गेले तेही. तोवरच्या एकवीस हप्त्यांपैकी चौदा दुधाच्या पैशांतून गेले होते.

“गाडी कशी हाय म्हनून समद्या गावानं तुमास्नी इचारलं,” ती म्हणाली. “मला कुनी इचारलं न्हाई.”

“मग सांग की. कशी हाय?”

“चांगली हाय. आत्तींचं हाल थांबलं, ते मी कशाला न्हाई म्हनू? पन ती म्हशींनी ओढली, एवढं ध्यानात ठेवा.”

वाचकहो, त्या दिवशी आम्ही दोघेही एस. टी.ने लग्नाला गेलो.

त्यानंतर घरात काही नियम झाले. गाडी कुणी, कुठे, किती किलोमीटर नेली हे त्याच वहीत लिहायचे. मुलाने पगार झाल्या दिवशी निम्मा हप्ता आईच्या हातात ठेवायचा, कमी पडेल तेवढेच दुधातून घ्यायचे. गंमत अशी की लिहावे लागते म्हटल्यावर निम्म्या फेऱ्या आपोआप बंद झाल्या.

आई २०२३ साली गेली. शेवटची पाच वर्षे तिने मिरजेच्या खेपा स्वतःच्या घरच्या गाडीतून, ताठ बसून केल्या. हे समाधान रुपयांत मोजता येणार नाही, म्हणून गाडी घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो न विचारल्याचा.

२०२५ च्या जानेवारीत शेवटचा हप्ता गेला. फेब्रुवारीपासून तेवढीच रक्कम, ९,८०० रुपये, पाच तारखेलाच कारभारणीच्या खात्यावर भरायला सुरुवात केली. नऊ महिन्यांत ८८ हजार साठले. दिवाळी झाल्यावर त्यात थोडी भर घालून वडगावच्याच बाजारातून पंढरपुरी म्हैस आणली. आणायला गेलो तेव्हा ही गाडीत पुढच्या सीटवर बसली होती.

तुम्ही गाडी घेणार असाल तर जरूर घ्या. पण आधी सहा महिने एक प्रयोग करा. जेवढा हप्ता बसणार तेवढे पैसे दर पाच तारखेला वेगळ्या खात्यात टाका. त्यात म्हैस भाकड असल्याचा एखादा महिना येऊ द्या, खताचा महिना येऊ द्या. सहाही महिने जमले तर तुमचे घर गाडी पेलेल, आणि साठलेले पैसे सुरुवातीला भरता येतील. दुसरे, ट्रॅक्टरच्या कर्जाला बँका सहामाही हप्ते पाडून देतात, मोटारीला सहसा महिन्याचेच. उसाच्या बिलाशी जुळणारे हप्ते मिळतील का, हे सही करण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

आणि शेवटचे. “गाडी कशी आहे?” हे मला विचारा, शिक्षकांना विचारा, पण त्याआधी गोठ्यात जा. धार काढणाऱ्या माणसाला विचारा, “गाडी घ्यायची का?” तिथून होकार आला, तर गाडी पाचही जणांना सुखाने वाहून नेईल.