अहिल्यानगरचे रणगाडे

अहमदनगर शहरास २०२४ सालीं अहिल्यानगर असें नांव मिळालें. तथापि जुन्या संवयीनें लोक अद्याप नुसतें ‘नगर’च म्हणतात. चांदबिबीचा भुईकोट किल्ला आणि त्यांत पंडित जवाहरलाल नेहरूंनीं १९४२ ते १९४५ पर्यंत भोगलेला बंदिवास यांमुळें हें गांव आमच्या बहुतेक वाचकांस परिचित असेल. परंतु केवळ किल्ला पाहून परतणारा प्रवासी एका अपूर्व स्थळास मुकतो. भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र येथें आहे, आणि १९९४ सालीं स्थापन झालेलें येथील रणगाड्यांचें संग्रहालय सर्वसामान्य नागरिकांस पाहतां येतें. रणगाड्याचे दिवस आतां भरले, अशी चर्चा अलीकडे जिकडे तिकडे ऐकूं येते. ती मनांत ठेवूनच आम्ही तें पाहण्यास गेलों.

मोकळ्या आवारांत देशोदेशींचीं हीं धूडें ओळीनें उभीं आहेत. श्रीमंतांच्या दारांत शोभणाऱ्या रोल्स-रॉइस मोटारीवर पोलादी पत्रे चढवून केलेली चिलखती गाडी येथें आहे. दुसऱ्या महायुद्धांतील मटिल्डा, व्हॅलेंटाइन व चर्चिल आहेत. पुढें सेंच्युरियन आणि आपल्या देशांत तयार झालेला विजयंता आहे. जपानी सैन्याचा एक लहानगा रणगाडा सुमारें ७ टनांचा असून त्याचा पत्रा जेमतेम अर्धा इंच जाड आहे. आपल्या ‘अर्जुन’ रणगाड्याचें वजन याच्या सात-आठ पट भरतें! एवढें वजन वाढण्याचें कारण एकच: तोफ बलवान झाली कीं पत्रा जाड करावा, पत्रा जाड झाला कीं तोफ आणखी बलवान करावी, अशी ही चढाओढ शंभर वर्षांहून अधिक काळ चालली आहे.

हें यंत्र प्रथम रणांगणावर आलें तें १५ सप्टेंबर १९१६ रोजीं, फ्रान्समधील सोम नदीच्या लढाईंत. गुपित फुटूं नये म्हणून इंग्रजांनीं या पाण्याच्या टाक्या आहेत अशी हूल उठविली, आणि ‘टँक’ हें नांव कायमचें चिकटलें. तेव्हांपासून याचें मरण कितीदां तरी भाकित झालें आहे. १९७३ च्या ऑक्टोबरांत सिनाईच्या वाळवंटांत इजिप्तच्या पायदळानें खांद्यावरून वाहून नेतां येणाऱ्या क्षेपणास्त्रांनीं इस्रायलचे कित्येक रणगाडे जाळले, तेव्हां तर पुष्कळ जाणत्यांनीं रणगाड्याचा काळ संपला असें सांगितलें. परंतु इस्रायलनें रणगाडा टाकला नाहीं. पायदळ व तोफखाना पाठीशीं न घेतां रणगाडे एकटेच पुढें धाडले, हें त्या पराभवाचें एक मोठें कारण त्यानें ओळखलें.

हाच धडा आपल्या भूमीवर त्यापूर्वीं आठ वर्षें गिरविला गेला होता. संग्रहालयांतील पॅटन रणगाड्यापुढें बहुतेक पाहुणे थबकतात. १९६५ च्या सप्टेंबरांत पंजाबांतील खेमकरणजवळ असल उत्तर येथें पाकिस्तानचे असे अनेक रणगाडे पाण्यानें भिजलेल्या शेतांत रुतले आणि उंसाच्या आड दबा धरून बसलेल्या आपल्या सैन्याच्या माऱ्यांत सांपडले. ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद या वीरानें एका साध्या जीपवर बसविलेल्या तोफेनें त्यांतील कित्येक फोडले, व तेथेंच देह ठेवला. त्यास मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. स्वस्त शस्त्रानें महाग यंत्र मारणें ही गोष्ट, म्हणजे, आजची नव्हे.

मग आज नवें तें काय? २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यापासून जें दिसलें तें मात्र विचार करावयास लावणारें आहे. कांहीं शेंकडा डॉलर किंमतीचा, खेळण्याएवढा ड्रोन मैलोगणती दूर बसलेला मनुष्य डोळ्यांस चष्मा लावून उडवितो, आणि पत्रा जेथें सर्वांत पातळ अशा माथ्यावर किंवा पाठीवर नेऊन आदळतो. कित्येक दशलक्ष डॉलरांचा रणगाडा त्यानें निकामी होतो. पूर्वीं झाडीआड दडतां येई. आतां आकाशांतला डोळा सदैव उघडा असतो. म्हणून रणगाड्यांवर सळयांचे पिंजरे व पत्र्याचीं छप्परें चढलीं, आणि एखाद्या गोठ्यास चाकें फुटावीं असें त्यांचें रूप झालें.

जगांतील राष्ट्रांचा यावर एकमताचा निर्णय नाहीं. अमेरिकेच्या मरीन दलानें २०२० सालीं आपले सर्व रणगाडे सोडून देण्याचें ठरविलें. उलट युक्रेनच्या शेजारच्या पोलंडनें २०२२ सालीं अमेरिका व दक्षिण कोरिया यांच्याकडून शेंकडों नवे मागविले. आपल्याकडेही २०२० च्या लडाखमधील संघर्षानंतर डोंगरी प्रदेशासाठीं सुमारें २५ टनांचा हलका ‘जोरावर’ तयार होऊन २०२४ सालीं लोकांपुढें आला. आमच्या मतें पोलंडची व आपली वाट अधिक समंजस आहे. ड्रोन शत्रूस मारूं शकतो. परंतु गोळ्यांच्या वर्षावांतून शिपायांस पुढें घालून नेणें व घेतलेली भूमि राखणें त्यास साधत नाहीं. तें काम उरेल तोंवर चिलखती गाडी उरेल. मात्र रणांगणाचा राजा म्हणून तिनें मिरवूं नये. पायदळ, तोफखाना, स्वतःचे ड्रोन आणि शत्रूच्या ड्रोनांचे संदेश बिघडविणारीं यंत्रें यांच्या मेळ्यांतच तिनें पाऊल टाकावें.

या वादांत एक गोष्ट फार थोडे बोलतात. ती म्हणजे आंत बसलेल्या माणसांची. पुणें येथें जन्मलेला अरुण खेतरपाल १९७१ सालीं याच नगरांत रणगाड्याचें शिक्षण घेत होता. युद्ध सुरू होतांच शिक्षण अर्धवट टाकून तो आपल्या पूना हॉर्स पलटणींत दाखल झाला. १६ डिसेंबर रोजीं बसंतरच्या लढाईंत पेटलेला सेंच्युरियन सोडण्याची आज्ञा झाली असतां त्यानें तो सोडला नाहीं. तोफ अजून चालत होती, शत्रु समोर होता. तेथेंच तो पडला. वय अवघें २१ वर्षें. परमवीरचक्र त्याच्या घरच्यांच्या हातीं आलें.

अशीं मुलें आजही आंत बसतात. रशियन घडणीच्या टी-७२ व टी-९० रणगाड्यांत तिघे शिपाई असतात, आणि तोफगोळ्यांचा सांठा त्यांच्या पायांखालींच गोल मांडलेला असतो. तो पेटला कीं वरचा बुरूज उडून जातो व आंत कोणीही वांचत नाहीं. युक्रेनमध्यें हें जगानें पाहिलें. आपल्या सैन्यांतील बहुतेक रणगाडे याच दोन जातींचे आहेत. उलट कांहीं पाश्चात्य रणगाड्यांत हा सांठा वेगळ्या कप्प्यांत ठेवून स्फोट बाहेर जाईल अशी योजना असते. इस्रायलच्या मर्कावांत तर शिपायांच्या रक्षणासाठीं एंजिनच पुढें बसविलें आहे. रणगाडा जाईल कीं राहील यापेक्षां, तो फुटला तर आंतला मुलगा घरीं येईल काय, हा प्रश्न आमच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा आहे. कारण सैन्यांत मुलगा धाडणाऱ्या घरांस त्याचें उत्तर मागण्याचा अधिकार आहे.

नगरास जाणाऱ्या वाचकांनीं मुलांस हें संग्रहालय अवश्य दाखवावें. तोफेची लांबी पाहून तीं हरखतील, तें स्वाभाविकच आहे. त्यानंतर वरचें तें अरुंद, वाटोळें झांकणही त्यांस दाखवावें, आणि आग लागली असतां तिघां-चौघांस एवढ्याशा वाटेनें बाहेर पडावें लागतें, हें समजावून सांगावें.