नुसत्या वाळूची टाकी

पुण्यातल्या आमच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, पण तिच्यात दाखवण्यासारखं काही नाही. प्रवाळ नाहीत, क्लाउनफिश नाही. तळाला वीतभर वाळू तेवढी. पाहुणे वाकून बघेपर्यंत आतली मंडळी गडप झालेली असते. थोडा वेळ कुणी हललं नाही, की एकेक ठिपकेदार मान वर येते.

हे गार्डन ईल, बाजारातल्या वामीचे दूरचे भाऊबंद. आमच्याकडची जात हेटेरोकॉन्गर हासी. १९५९ साली तिचं बारसं झालं ते ऑस्ट्रियाचे पाणबुडे आणि चित्रपटकार हान्स हास यांच्या नावावरून. पूर्ण वाढला की मासा सुमारे ४० सेंटिमीटरचा होतो, पण बरंचसं अंग बिळातच. शेपटीकडून तो वाळूत शिरतो आणि अंगातून सुटणाऱ्या चिकट स्रावाने बिळाची भिंत लिंपतो, म्हणून ती ढासळत नाही. वाळू बारीक हवी. जाड, टोकदार चुरा अंग खरवडतो. चार बाय दोन फुटांच्या तळावर आठ इंचांचा थर म्हणजे नुसती कोरडी वाळूच सव्वादोनशे किलोच्या घरात. "स्लॅब सोसेल ना?" हे बायकोने विचारलं आणि टाकी बीमवरच्या भिंतीलगत गेली. वर घट्ट जाळीचं झाकण, कारण बिचकलेला ईल उडी मारतो.

खरी कसरत खाण्याची. समुद्रात हे मासे वसाहत करून राहतात, सगळे प्रवाहाकडे तोंड करून. भक्ष्यामागे ते धावत नाहीत. वाहत येणारे सूक्ष्म जीव जागच्या जागी टिपतात. त्यामुळे टाकीत प्रवाह आपणच व्हायचं. एका टोकाला मंद पंप आणि त्याच्या तोंडाशी सायक्लोप्स, आर्टेमियाची पिल्लं असं सूक्ष्म खाद्य पिचकारीतून थेंबाथेंबाने सोडायचं, तेही दिवसातून तीन-चार वेळा. एकदम ओतलं तर निम्मं वाळूत सडतं आणि नायट्रेट चढतं. पंप जोरात ठेवूनही भागत नाही. पाण्याचा वेग वाढला की ईल बिळात सरकतात आणि बाहेर उरलेलं अंग वाकवून पाण्याचा ताण कमी करतात, हे ओकिनावातल्या संशोधकांनी प्रयोगातून दाखवलं आहे.

आणखी एक प्रवाह त्यांना लागतो, तो माणसांचा. टोकियोच्या सुमिदा मत्स्यालयात असे सुमारे ३०० ईल आहेत. कोविडमुळे ते बंद पडलं, तेव्हा माणसांची सवय सुटून हे मासे कर्मचाऱ्यांनाही दचकू लागले. मग मे २०२० मध्ये टाकीसमोर टॅब्लेट मांडून लोकांना व्हिडिओ कॉल करून चेहरा दाखवायचं आवाहन करण्यात आलं. आम्ही गावाहून परतलो की आमच्या ईलचीही तीच गत. घरच्यांनाच नव्याने ओळख द्यावी लागते. म्हणून टाकी हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलाशेजारी आहे. दुपारचं खाणं आई सोडते. "नुसती वाळू काय बघायची," असं ती अजूनही म्हणते, पण तिच्या हातून पिचकारी कुणाला मिळत नाही.

गार्डन ईल पाळू का, असं कुणी विचारलं की मी टाकीचं माप, मिठाचा ब्रँड, चिलर यातलं काही विचारत नाही. एवढंच विचारतो, "दुपारी घरी कोण असतं?"