अकरा धावांचे मोल

क्रिकेटची कसोटी संपली की घरोघरी एकच प्रश्न निघतो : कोण चांगला खेळला? पोरे वर्तमानपत्र उघडतात, धावा पाहतात, बळी पाहतात आणि निकाल देऊन मोकळी होतात. ज्याच्या धावा जास्त तो मोठा, ज्याच्या कमी तो बिनकामाचा. आपल्या बायाबापड्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना वाटेल, शेतकऱ्याच्या घरात ही चर्चा कशाला? पण थोडे ऐकून घ्या. माणसाच्या कामाचे मोल कसे करावे हा प्रश्न आपल्या घरातही रोजच असतो, आणि तो मला पहिल्यांदा नीट कळला तो एका कसोटीच्या निमित्ताने.

ती कसोटी १९७१ सालची. लंडनच्या ओव्हल मैदानावर १९ ऑगस्टला सुरू झाली आणि २४ ऑगस्टला संपली. आपला कर्णधार होता अजित वाडेकर. तोपर्यंत इंग्लंडमध्ये जाऊन भारताने एकही कसोटी जिंकली नव्हती, आणि इंग्लंडचा संघ आधीच्या सव्वीस कसोट्यांत एकदाही हरलेला नव्हता. मालिकेतल्या पहिल्या दोन कसोट्या अनिर्णित सुटल्या होत्या. म्हणजे जे काय व्हायचे ते इथेच होणार होते.

आमचे गाव जानेफळ, तालुका मेहकर. मी तेव्हा सातवीत होतो. इंग्लंडमध्ये सकाळी खेळ सुरू होई तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार वाजलेले असत. गुरे परतायच्या वेळेला एका किराणा दुकानाच्या ओट्यावर ट्रान्झिस्टर लागे. वर्णन इंग्रजीत, त्यात मधूनच घरघर. शाळेतले एक गुरुजी ऐकून मराठीत सांगत आणि मी वहीत टिपून घेई. आमचे थोरले काका शेजारी बसत. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण माणसाची आणि बैलाची पारख अशी की बाजाराला जाताना लोक त्यांना मुद्दाम सोबत नेत.

दुसऱ्या दिवशी, २० तारखेला, तिकडे पावसाने खेळच झाला नाही. इकडे आमचा पोळा होता, त्यामुळे कोणाला फारसे वाईट वाटले नाही. शेवटच्या दिवशी, २४ तारखेला, गणेश चतुर्थी होती. घरोघरी गणपती बसले होते आणि दिवेलागणीच्या सुमाराला आबिद अलीने चौकार मारला. भारत चार गडी राखून जिंकला. ओट्यावर गूळ वाटला गेला.

मग सुरू झाली पारख. माझ्या वहीत आकडे होतेच. इंग्लंडच्या पहिल्या डावात ३५५ धावा, आपल्या २८४. म्हणजे आपण ७१ धावांनी मागे. दुसऱ्या डावात इंग्लंड १०१ धावांत गारद. आपल्याला हव्या होत्या १७३, त्या सहा गडी गमावून झाल्या. चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले. पोरांचा निकाल लगेच लागला : सामना चंद्रशेखरने जिंकला, बाकी सारे भरतीचे.

चंद्रशेखरचे श्रेय कोणी काढून घेऊ शकत नाही. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा हात बारीक राहिला. चेंडू अडवून फेकायचा तो डाव्या हाताने; गोलंदाजी मात्र त्याच दुबळ्या उजव्या हाताने. त्याच हाताने त्याने इंग्लंडची कंबर मोडली. २४ धावांवर इंग्लंडचे तीन गडी गेले, त्यात एड्रिच आणि फ्लेचर शून्यावर. आकडा इथे खरेच बोलतो, आणि तो मान्य केलाच पाहिजे. "आकड्यात काय आहे?" असे म्हणणारा माणूस बहुधा स्वतःचा आकडा लपवत असतो.

पण काका गप्प बसणारे नव्हते. ते म्हणाले, "पोरा, मले तीन गोष्टी सांग. हे कवा झालं? त्याच्या संगं कोण होतं? आन् एरवी तो गडी कसा हाये?"

वाचकहो, हे तीन प्रश्न मी जन्मभर जपून ठेवले आहेत. तुम्हीही त्या कसोटीला लावून पाहा.

पहिला प्रश्न, कधी झाले? आपल्या दुसऱ्या डावात सलामीला गावसकर आणि अशोक मंकड आले. गावसकर शून्यावर पायचीत झाला तेव्हा संघाच्या धावा होत्या दोन. समोर जॉन स्नो आणि जॉन प्राइस, चेंडू नवा कोरा. तेव्हा दुसरा गडी लगेच गेला असता तर पुढची फळी गडगडायला वेळ लागला नसता. मंकड उभा राहिला. तो बाद झाला तेव्हा धावा ३७ होत्या आणि चेंडूची नवी झळाळी उतरली होती. त्याच्या नावावर किती? अकरा! आणि गंमत अशी की त्या मालिकेतल्या सहा डावांतली त्याची ती सर्वांत मोठी धावसंख्या. सहा डावांत मिळून बेचाळीस धावा. कागदावर पाहणारा म्हणेल, असल्या गड्याला नेलेच कशाला? पण मृग बरसल्यावर पहिल्या आठ दिवसांत ज्याने पाखरे राखली, त्याच्या नावावर तरी किती क्विंटल लिहिता येतात? दाणा उगवून वर आला, ही त्याची कमाई.

दुसरा प्रश्न, सोबत कोण होते? चंद्रशेखरच्या सहा बळींत फलंदाजाजवळ उभ्या असलेल्या एकनाथ सोलकरचा वाटा आहे. हा मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची राखण करणाऱ्या माळ्याचा मुलगा. डोक्याला शिरस्त्राण नाही आणि फलंदाजाच्या बॅटीपासून दोन-चार हातांवर उभे राहायचे. फ्लेचरचा झेल त्यानेच घेतला. ॲलन नॉटने पहिल्या डावात ९० धावा काढून आपल्याला दमवले होते. दुसऱ्या डावात वेंकटराघवनच्या चेंडूवर सोलकरने पुढे झेपावून त्याचा झेल जमिनीलगत टिपला आणि नॉट एका धावेवर परतला. सोलकरच्या दुसऱ्या डावातल्या धावा किती? एक. पण पहिल्या डावात १२५ धावांवर पाच गडी गेले असताना त्याने फरोख इंजिनियरसोबत ९७ धावांची भागी केली, स्वतः ४४ काढल्या, आणि त्याआधी गोलंदाजीत २८ धावांत तीन बळी घेतले होते. एका गड्याने इतकी कामे केली, पण वर्तमानपत्राच्या मथळ्यात त्याचे नाव मावले नाही.

वेंकटराघवनचेही तसेच. दुसऱ्या डावात त्याचे बळी दोनच. पण एका टोकाने त्याने वीस षटके टाकली आणि ४४ धावाच दिल्या. समोरच्याला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही, म्हणून दुसऱ्या टोकाला चंद्रशेखरपुढे घाई झाली. बैलजोडीतला एक बैल दिसायला जोरकस असतो. पण दुसरा जूं सांभाळून चालला नाही तर तास वाकडेच पडते. आणि दिलीप सरदेसाईबद्दल एक आठवण पुढे खूप सांगितली गेली. एड्रिच समोर असताना त्याने चंद्रशेखरला सुचवले, आता तुझा वेगाचा चेंडू टाक. एड्रिचचा त्रिफळा उडाला. हे सुचवणे कोणत्या रकान्यात लिहायचे? धावफलकाला तसा रकानाच नाही.

नशिबाचाही रकाना नसतो. जेम्सन धावबाद झाला तो कसा? त्याच्या जोडीदाराने सरळ फटका मारला, चेंडू चंद्रशेखरच्या हाताला लागून यष्टीवर गेला आणि जेम्सन जागेबाहेर अडकला. हे कौशल्य कमी, योग जास्त. पारख करताना योगाला योगच म्हणावे. त्याचे हार कोणाच्या गळ्यात घालू नयेत.

तिसरा प्रश्न, एरवी कसा? गावसकरच्या या कसोटीत धावा किती? सहा आणि शून्य. म्हणून तो नापास का? त्याच वर्षी काही महिन्यांपूर्वी वेस्ट इंडिजमध्ये त्याने चार कसोट्यांत ७७४ धावा काढल्या होत्या. मडगावच्या सरदेसाईने त्याच दौऱ्यात ६४२. एका साली पऱ्हाटीवर बोंडअळी आली म्हणून काळे रान कोणी पडीक ठेवत नाही. बेदीला दुसऱ्या डावात एकच षटक मिळाले. ज्याला संधीच मिळाली नाही त्याची परीक्षा घेऊ नये, हेही पारखीत येते.

आणि वाडेकर? दुसऱ्या डावात ४५ धावा, त्याही शेवटच्या दिवशी एकही नवी धाव निघण्याआधी धावबाद. धावसंख्या ७६ आणि तीन गडी गेलेले. सारा गाव हळहळला. तो मात्र आत जाऊन झोपला आणि विजयानंतर त्याला उठवावे लागले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. काही जण याला बेफिकिरी म्हणतील. काका म्हणाले, "ज्याले आपल्या गड्यांवर भरोसा हाये, त्यालेच झोप लागते." सरदेसाईने ४०, विश्वनाथने ३३ आणि इंजिनियरने नाबाद २८ धावा काढून तो भरोसा खरा केला. विश्वनाथ तर तीन धावा उरल्या असताना बाद झाला. विजयी चौकार आबिद अलीच्या नावावर लागला, पण वाट चालून आणली होती दुसऱ्यांनी.

आता घरातली गोष्ट सांगतो.

पुढे काही वर्षांनी आमच्या वडिलांना लकवा मारला. तीन वर्षे ते अंथरुणावर होते. आम्ही तिघे भाऊ. थोरला नोकरीवर बाहेरगावी; दर महिन्याला त्याची मनीऑर्डर येई. मी वावर पाहत होतो. धाकटा घरी राहिला. वडिलांना उठवणे, आंघोळ घालणे, कूस बदलणे, बंडीत घालून दवाखान्यात नेणे, रात्री गोठा पाहणे, हे सारे त्याने आणि त्याच्या बायकोने केले. वडील गेले आणि १९८८ साली वाटणीची वेळ आली. विहिरीजवळचे तीन एकर कोणाला, यावर गाडे अडले. ओसरीवर बसलेल्या एका पाहुण्याने सरळ विचारले, "धाकट्याने तीन वर्षांत घरात आणले काय?" धाकटा मान खाली घालून बसला. दाराआड त्याची बायको उभी होती. तिला तर कोणी विचारलेच नव्हते.

तेव्हा काका सत्तरीच्या पुढे होते. त्यांनी तेच तीन प्रश्न मांडले. "हे कवा झालं? बाप पडल्यावर, दुष्काळी साल असताना. याच्या संगं कोण होतं? ही सून, दुसरं कोणी नाही. एरवी हा कसा? कधी कोणाले उलटून बोलला का?" मग थोरल्याकडे वळून म्हणाले, "तुव्हे पैसेही खोटे नाहीत. विहीर बांधली ती तुव्ह्या पैशावर. तेही लिहा."

विहिरीजवळचे रान धाकट्याला दिले, थोरल्याला घराची पुढची बाजू. थोरल्याने सही केली, पण दोन वर्षे दिवाळीला घरी आला नाही. योग्य पारख केली म्हणजे सारे खूश होतात असे नाही, वाचकहो. ती करावी लागते, आणि कडूपणा सोसावा लागतो. तिसऱ्या वर्षी तो आला तेव्हा धाकट्याने त्याच विहिरीवरच्या भाजीची टोपली त्याच्या पुढ्यात ठेवली. आज दोघांची नातवंडे एकाच शाळेत जातात आणि एकाच मोबाईलवर सामने पाहतात.

त्या पोरांशीही माझे हेच चालते. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या कसोटीत हनुमा विहारीने मांडीचा स्नायू दुखावलेला असताना १६१ चेंडू खेळून नाबाद २३ धावा केल्या आणि अश्विनने १२८ चेंडूंत नाबाद ३९. हरण्याची कसोटी त्यांनी वाचवली. एक नातू म्हणाला, "आजोबा, १६१ चेंडूंत तेवीस म्हणजे किती हळू!" मी म्हटले, "बाळ, कधी झाले ते आधी सांग." त्याने विचार केला आणि म्हणाला, "पाचव्या दिवशी." मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे धावा नव्हत्याच पाहिजे, उभे राहायला पाहिजे होते."

मला एवढेच पुरे. तुमच्याही घरी पुढची कसोटी लागेल तेव्हा मुलांच्या हाती एक वही द्या. धावा आणि बळी त्यांना लिहू द्या, पण शेजारी हे तीन प्रश्नही लिहायला लावा. आणि यंदा सोयाबीन विकून घरात हिशेब होईल तेव्हा त्याच वहीचे एक पान कोरे ठेवा. निंदण कोणी केले, आजारी माणसाजवळ रात्री कोण जागले, पैसा कोणाचा कामी आला, हे त्यावर नावानिशी लिहा. ज्यांची नावे सातबाऱ्यावर नाहीत, त्यांची तर आधी लिहा.