पानाआधी सावली

व्हिडिओ गेममधील अरण्ये उभारणे हा माझा व्यवसाय आहे, आणि या व्यवसायात वावरताना माझे जे एक मत दिवसेंदिवस पक्के होत गेले ते आरंभीच सांगून टाकते: अरण्य छायाप्रकाशाच्या पुंजांचे बनते, आणि पान ही त्या पुंजांना सर्वांत शेवटी मिळणारी किनार आहे. नवशिका कलावंत वृक्ष रचू लागला म्हणजे बहुधा पानापासून सुरुवात करतो. शिरा, दंतुर कडा, देठाचे वळण हे सारे तो निष्ठेने रंगवतो, त्या पानाच्या हजारो प्रती फांद्यांवर बसवतो, आणि मग जे उभे राहते त्यात प्रत्येक पान खरे असूनही झाड मात्र खोटे दिसते. त्याचा हात चुकलेला नसतो, क्रम चुकलेला असतो. आपण रानात उभे राहून समोरच्या वृक्षराजीकडे पाहतो तेव्हा दृष्टीला आधी काळोखाचा एक मोठा गाभा, त्यावर उजेडाचे दोन-चार विस्तीर्ण थर आणि आकाशावर उमटलेली बाह्यरेषा एवढेच जाणवते. पानांची जाणीव होते ती या तिन्हींच्या सीमेवर, आणि तीही थोड्याच पानांची. शैलीकृत अरण्य, म्हणजे छायाचित्राशी स्पर्धा न करता चित्रकाराच्या दृष्टीने रचलेले अरण्य, याच जाणिवेच्या आधारावर उभे राहते.

हा विचार संगणकाहून जुना आहे. डिस्नेच्या चित्रशाळेत ‘बॅम्बी’ या चित्रपटाची सिद्धता चालू असताना तेथील कलावंतांनी अरण्याची पार्श्वभूमी इतक्या बारकाईने रंगवली होती, की त्या पर्णसंभारात हरणाचे पाडसच हरवून जाऊ लागले. 1938 मध्ये त्या संस्थेत कनिष्ठ जागेवर रुजू झालेल्या टायरस वाँग या चीनमध्ये जन्मलेल्या चित्रकाराने, सुंग राजवटीतील निसर्गचित्रांचा संस्कार मनात बाळगून, आपण होऊन काही चित्रे काढून दाखवली. त्यांत झाडांचा तपशील जवळजवळ नव्हताच, होते ते विरघळत गेलेले रंग, एखादी स्पष्ट फांदी आणि पाडसासाठी राखून ठेवलेली उजेडाची मोकळी जागा. 1942 साली पडद्यावर आलेल्या त्या चित्रपटातील अरण्य याच धर्तीवर घडले. गेममध्ये तर ही मोकळी जागा अधिकच मोलाची ठरते, कारण चित्रपटाच्या चित्रकाराला चौकट ठरवून देण्याचा अधिकार असतो, आमच्या अरण्यात मात्र खेळणारा स्वतः शिरतो, झाडाच्या मागे जातो, मान वर करून शेंडा पाहतो, आणि त्याने कुठेही पाहिले तरी वाट कोणती, धोका कोठे आणि केवळ शोभेचे काय हे त्याला एका दृष्टिक्षेपात उमगावे लागते. जेथे सगळेच सारखे तपशीलवार असते तेथे काहीच दिसत नाही.

आता या कलेला ज्या कठोर जमाखर्चाखाली नांदावे लागते त्याविषयी. सेकंदाला साठ चित्रे दाखवायची म्हटली, की एका चित्राच्या वाट्याला 16.6 मिलिसेकंद येतात. एवढ्या अवधीत पात्रांची हालचाल, पाणी, धूर, सावल्या या सर्वांचा हिशेब यंत्राला चुकता करावा लागतो, आणि त्यातून अरण्यासाठी जी तरतूद मंजूर होते ती नेहमीच तुटपुंजी असते. म्हणून आमच्या झाडांवर सुटी पाने क्वचितच असतात; असतात ते सपाट तुकडे, ज्यांना आम्ही कार्ड म्हणतो, आणि अशा प्रत्येक कार्डावर एका संपूर्ण डहाळीचे चित्र चढवलेले असते. डहाळीबाहेरचा भाग अदृश्य ठेवण्यासाठी त्या चित्राला रंगांखेरीज अल्फा नावाचा एक चौथा थर जोडलेला असतो, आणि त्यावरून कोणता बिंदू दाखवायचा व कोणता गाळायचा याचा निवाडा होतो. परंतु गाळलेला बिंदूही फुकट पडत नाही. तो गाळायचा आहे हे ठरवण्यासाठी यंत्राला तेथवर जावेच लागते, आणि दहा कार्डे एकामागे एक आली तर पडद्यावरील एकाच बिंदूची दहा वेळा चौकशी होऊ शकते. यासाठी कार्ड चौकोनी न ठेवता डहाळीच्या बाह्यरेषेला लगटून कापावे लागते. चार कोपऱ्यांचे आठ झाले तरी चालतात, पण रिकामी जागा परवडत नाही.

ऐनाची एक डहाळी कशी रंगवली जाते ते सांगते. ऐनाचे पान लांबट, जाड आणि चिवट. त्याच्या मागच्या बाजूस, देठाजवळ, मध्यशिरेला लागून दोन बारीक ग्रंथी असतात आणि वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला त्या ओळख पटवून देतात. मी त्या ग्रंथी काढत नाही. मी पान प्रत्यक्षाच्या दुप्पट-तिप्पट मोठे करते, त्यांची संख्या त्याच प्रमाणात घटवते, आणि प्रथम अवघी डहाळी एकाच काळपट हिरव्या रंगात भरून टाकते. केवळ या काळ्या आकृतीवरून हा ऐन आहे, साग किंवा किंजळ नव्हे, असे ओळखता आले पाहिजे. ते येत नसेल तर पुढे कितीही कुसर केली तरी व्यर्थ. त्यानंतर मधला हिरवा, तोही डहाळीच्या शेंड्याकडच्या पानांपुरता. मग निवडक पानांच्या वरच्या कडेला पिवळसर उजेड. आणि मध्यशीर कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यात, जेथे उजेड पडला आहे तेवढ्याच भागात. उपशिरा दोन-तीन पानांवर सूचित केल्या की बाकीच्या पानांवर त्या पाहणाऱ्याचा डोळा स्वतःच काढून घेतो. गडदावरून उजळाकडे जाण्याचा हा क्रम आपल्याकडील लघुचित्रकारांना चांगला अवगत होता; कांगड्याच्या चित्रांतील झाडे पाहावीत, गर्द पायावर फिकट पानांची लयबद्ध मांडणी करून प्रत्येक वृक्षाची जात त्यांनी किती थोडक्यात ओळखीची करून ठेवली आहे.

डहाळी रंगवून झाली तरी काम संपत नाही. कार्डावरील अदृश्य भागात जर काळा रंग राहून गेला असेल, तर यंत्र शेजारच्या बिंदूंची सरासरी काढताना तो काळा रंग पानाच्या कडेत मिसळते आणि प्रत्येक पानाभोवती एक मळकट रेघ उमटते. म्हणून पानाचा हिरवा रंग कडेच्या हद्दीबाहेर, कोणाला कधीही न दिसणाऱ्या प्रदेशात, दूरवर पसरवून ठेवावा लागतो. पण याहून गंभीर दोष दूरच्या झाडांत दिसतो. दूरची वस्तू पडद्यावर लहान होते, तिच्यासाठी मोठे चित्र वाचणे अनाठायी असते, आणि त्यामुळे यंत्र प्रत्येक चित्राच्या निम्म्या, त्याच्या निम्म्या, अशा क्रमाने लहान होत जाणाऱ्या आवृत्त्या जवळ बाळगते. लान्स विल्यम्स यांनी 1983 मध्ये मांडलेली ही मिपमॅपची युक्ती आजही सर्वत्र चालू आहे, आणि साठवणुकीत केवळ एक तृतीयांश भर घालून ती फार मोठे काम करते. परंतु पानांच्या बाबतीत ती घात करते. चित्र लहान होताना अल्फाचीही सरासरी निघते. पानाचा रुंद भाग त्यात तग धरतो, मात्र देठ, टोक आणि बारीक पर्णिका यांची सरासरी दाखवण्याच्या मर्यादेखाली घसरते, आणि मर्यादेखालचे सारे बिंदू गाळले जातात. परिणामी जवळून भरगच्च दिसणारे झाड दोनशे पावलांवर विरळ होते आणि त्याहून दूर गेल्यावर नुसता सांगाडा उरतो.

यावर इग्नासिओ कास्तान्यो यांनी, जोनाथन ब्लो यांच्या ‘द विटनेस’ या गेमवर काम करत असताना, 2010 मध्ये एक साधी आणि सुंदर तजवीज प्रसिद्ध केली: मूळ चित्राचा किती हिस्सा पानांनी व्यापला आहे ते आधी मोजावे, आणि प्रत्येक लहान आवृत्तीत अल्फाला अशा एका पटीने गुणावे की तेथेही व्याप्ती तेवढीच राहील. मूळ चित्राचा साठ टक्के भाग पानांचा असेल तर लहान आवृत्त्यांतही तो साधारण साठ टक्केच. त्यात पानांचे आकार थोडे बोथट होतात, पण झाडाचा पुंज शाबूत राहतो. आणि पुंज महत्त्वाचा की पान, या प्रश्नाचे उत्तर गणितानेही चित्रकाराच्याच बाजूने द्यावे याचा मला मोठा आनंद वाटतो.

ही अडचण आपल्याकडच्या झाडांना विशेष जाचक आहे. ओक किंवा मेपल यांची रुंद पाने या कारभारातून सहज निभावतात. आमच्या बाभळीचे आणि आवळ्याचे तसे नाही. बाभळीच्या पर्णिका आणि आवळ्याची पाने इतकी सूक्ष्म, की दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीतच ती नाहीशी होऊ लागतात, आणि वर सांगितलेला उपाय केला तर त्यांच्या मधल्या फटी बुजून ठोकळा तयार होतो. अशा झाडासाठी सुटी पर्णिका किंवा पान काढण्याचा आग्रहच सोडावा लागतो. आवळ्याची संपूर्ण काडी हेच एक पान मानून तिचा पिसासारखा आकार काढावा, फटी थोड्या पण ठसठशीत ठेवाव्यात, आणि झाडाचा विरळपणा डहाळ्यांमधल्या आकाशातून दाखवावा. बाभळीखालची सावली कशी असते ते आठवावे: तिच्यात ऊन गाळून येते, पण पानाचा आकार म्हणून काही जमिनीवर उमटत नाही.

आता उजेडाविषयी, कारण शैलीकृत वृक्षाचे खरे मर्म तेथे आहे. कोणत्या पृष्ठावर किती उजेड पडावा हे यंत्र त्या पृष्ठाचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावरून ठरवते. ही दिशा सांगणाऱ्या बाणाला नॉर्मल म्हणतात. पानांची कार्डे फांद्यांवर वेडीवाकडी बसवलेली असल्यामुळे प्रत्येकाचा बाण वेगळीकडे जातो, एक कार्ड लख्ख तर त्याच्या शेजारचे काळे असा प्रकार होतो, आणि झाडावर करड्या ठिपक्यांची खळबळ माजते. उपाय असा, की झाडाच्या माथ्यावर एक कल्पित घुमट बसवावा आणि त्या घुमटाच्या पृष्ठाचे बाण पानांना उसने द्यावेत. कार्डे होती तशीच वेडीवाकडी राहतात, पण उजेडापुरती ती सगळी एका गोल पृष्ठाची अंगे होऊन वागू लागतात. सूर्याकडची बाजू सलग उजळते, विरुद्ध बाजू सलग सावलीत जाते, आणि मघापर्यंत कागदाच्या कपट्यांचा ढीग असलेला तो आकार अकस्मात वृक्ष होतो. चित्रकार डोळे किलकिले करून जे पाहतो ते यंत्राला पाहायला लावण्याची ही क्रिया आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती असत्य आहे, आणि तरीही तिच्याशिवाय केलेले झाड मला कधी पटलेले नाही.

रंगाच्या बाबतीत कॅम्पो सँटो या संस्थेचा 2016 चा ‘फायरवॉच’ हा गेम अभ्यासण्यासारखा आहे. वायोमिंगमधील शोशोन राष्ट्रीय वनात, 1989 च्या उन्हाळ्यात त्याची कथा घडते. ऑली मॉस यांच्या चित्रकल्पनेला जेन इंग यांनी त्रिमित अरण्याचे रूप दिले. त्यामागे अमेरिकन सरकारच्या रोजगार योजनेखाली 1938 ते 1941 या काळात राष्ट्रीय उद्यानांसाठी छापलेल्या भित्तिपत्रकांची प्रेरणा होती, ज्यांत रेशमी पडद्यातून मोजक्याच शाया उतरवून डोंगर आणि झाडी रंगांच्या सपाट थरांनी दाखवलेली असे. गेममध्ये हे साधले ते धुक्याच्या द्वारे: अंतरानुसार धुक्याचा रंग बदलत जाईल अशी एक पट्टी ठरवून दिली, आणि मग जवळचा वृक्ष एका रंगाचा, मधली रांग दुसऱ्या, दूरची कड तिसऱ्या, असे थर आपोआप पडत गेले. मात्र या गेमचे यश पाहून प्रत्येक अरण्याला नारिंगी-जांभळे धुके देण्याची जी लाट आली ती मला मान्य नाही, कारण तो रंग त्या कोरड्या उंच प्रदेशाचा आणि त्या वणव्याच्या कथेचा आहे. महाबळेश्वरच्या पठारावरचे अंजन-जांभळाचे बुटके, वाऱ्याने दडपलेले रान घेतले तर त्याचे धुके पांढरे, ओले आणि इतके जवळ असते की थर पडायला अंतरच उरत नाही. तेथे खोली दाखवायची ती खोडांवरच्या शेवाळाच्या गर्दपणावरून आणि जांभ्या दगडाच्या तांबड्या जमिनीचा रंग फांद्यांच्या खालच्या अंगावर किंचित परावर्तित करून. शैली ही उसनी आणता येत नाही, ती त्या भूमीच्या निरीक्षणातून काढावी लागते.

वाऱ्याचा तपशील थोडक्यात उरकते. 2007 च्या ‘क्रायसिस’ या गेममध्ये टियागो सूसा यांनी अवलंबलेली पद्धत आजही पायाभूत मानली जाते: पानाच्या प्रत्येक शिरोबिंदूला, म्हणजे कोपऱ्याला, जो रंग देता येतो तो दाखवण्यासाठी न वापरता, तांबड्यात कडेचा फडफडाट, हिरव्यात प्रत्येक पानाचा वेगळा ठेका आणि निळ्यात एकूण ताठरपणा अशी माहिती भरून ठेवायची, आणि त्या आज्ञेनुसार झाड डोलवायचे. शैलीकृत झाडात ही हालचाल संथ आणि मोठी ठेवावी. पान न् पान थरथरू लागले की पुन्हा तीच ठिपक्यांची खळबळ सुरू होते.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने घडवलेल्या आणि 2020 मध्ये प्रकाशित झालेल्या ‘राजी’ या गेमने पहाडी चित्रशैलीचा आधार घेऊन हाताने रंगवलेली टेक्स्चर, म्हणजे पृष्ठांवर चढवायची चित्रे, आपल्या मातीतून निघू शकतात हे सिद्ध केले. त्या गेममधील वास्तूंच्या बाबतीत जे झाले ते अरण्याच्या बाबतीत व्हायचे आहे. आजही मला जे तयार संग्रह हाताशी मिळतात त्यांत ओक, बर्च आणि पाइन यांची रेलचेल असते, पण ऐन, किंजळ, हिरडा, कुसुम, कारवी यांचा मागमूस नसतो. सबब सह्याद्रीत घडणाऱ्या कथेसाठीही कलावंत नाइलाजाने युरोपातील पाने वापरतो, आणि खेळणाऱ्या मुलाच्या मनात अरण्य म्हणजे सूचिपर्णी झाडांची रांग हे चित्र कायम होते. कुसुमाला फाल्गुन-चैत्रात येणारी लालभडक कोवळी पालवी, किंवा कारवीच्या सरळ काठ्यांचे जमिनीलगतचे दाट वन, याहून शैलीकरणाला अनुकूल विषय मला दुसरा माहीत नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांकडे, विशेषतः वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, चित्रकला महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि डोंगर हिंडणारी मंडळी यांच्याकडे, एक मागणे आहे. रानात जाल तेव्हा एक राखाडी कागद बरोबर ठेवावा, त्यावर डहाळी सपाट पसरून, शेजारी मोजपट्टी ठेवून, सावलीत तिचे छायाचित्र घ्यावे; पानाची पाठही अवश्य टिपावी, कारण प्रकाश पानातून आरपार येतो तेव्हा तीच दिसते. झाडाचे नाव, गाव आणि महिना लिहून ते सर्वांना विनामूल्य वापरता येईल असे खुले करावे. त्याच झाडाची, दूर उभे राहून, केवळ बाह्यरेषेची एक आकृती काढता आली तर ती छायाचित्राहूनही उपयोगी पडेल. यासाठी झाडावरची डहाळी तोडण्याचे कारण नाही. पावसाळी वाऱ्याने खाली पडलेल्या डहाळ्या पुरेशा होतात.