फुलाचा ठावठिकाणा

मुंबई-नाशिक महामार्ग कसाऱ्यापाशी सोडून जव्हारकडे वळणारा रस्ता विहीगावावरून खोडाळ्यास येतो. खोडाळा ज्या मोखाडा भागात येतो, तो इंग्रजी अमलात शहापूर तालुक्याचा पेटा होता आणि शेजारी मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान होते. पुढे संस्थान विलीन झाले, आणि २०१४ साली हा सगळा मुलूख ठाण्याच्या दप्तरातून निघून नव्या पालघर जिल्ह्याकडे गेला. सह्याद्रीच्या धारेपासून पश्चिमेकडे उतरत गेलेल्या या डोंगराळ प्रदेशात, जेथे ज्येष्ठाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि तरीही चैत्र-वैशाखात बायकांना हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरावे लागते, तेथे फुलांचे वर्षही या दोन टोकांमध्ये ताणलेले असते: अर्धी फुले ओलीची, अर्धी उन्हाची. फुलांची छायाचित्रे घेण्यासाठी मी येथे बारमाही येत असतो आणि खोडाळा हा माझा मुक्काम असतो.

या व्यवसायात एक मत माझ्या मनात दृढ झाले आहे, आणि ते प्रचलित शिरस्त्याच्या विरुद्ध आहे. फुलाचे चित्र म्हटले की मागचे सर्व काही धूसर करावे, आजूबाजूचे गवत दूर सारावे, शेजारची वाळकी काडी मोडून टाकावी आणि निखळ रंगाच्या पार्श्वभूमीवर एकटे फूल मांडावे, असा प्रघात आहे. अशी चित्रे सुंदर असतात, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या दाखल्यावर गाव नाही, तिथी नाही आणि प्रहर नाही, तो दाखला कोणत्या कचेरीत रुजू व्हावा? वनस्पतिशास्त्राची मंडळी या बाबतीत आम्हां छायाचित्रकारांपेक्षा कितीतरी काटेकोर आहेत. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात वनस्पतीच्या वर्णनापाठोपाठ ती कोठे आढळली आणि कोणी गोळा केली याची नोंद येते. आणि मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये कागदावर चिकटवलेल्या वाळक्या रोपाचे मोल त्याच्या कोपऱ्यातील चिठ्ठीवर ठरते. चिठ्ठी हरवली की उरतो तो पालापाचोळा. माझी धडपड एवढीच असते की ही चिठ्ठी चित्राच्या आतच यावी.

वर्षाचा आरंभ मी मृगाच्या पावसापासून धरतो, आणि त्या आरंभाचे फूल कोणी फूल म्हणून ओळखत नाही. पहिल्या सरींनी माती भिजते न भिजते तोच, पानाचा मागमूस नसताना, शेवळाचा तपकिरी-जांभळट कोंब जमिनीतून सरळ वर येतो. खोडाळ्याच्या बाजारात कोवळ्या शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका शेजारी काकडांची आंबट फळे ठेवतात, कारण त्या आंबटाशिवाय शेवळाची भाजी घशाला खाजते. भाजीसाठी खुडले जाते ते न उमललेले. छायाचित्रकाराला हवे असते ते भाजीवालीच्या हातून निसटलेले, आवरण उघडून मधला दांडा दिसू लागलेले, आणि ज्याच्या उग्र वासावर माश्या आणि किडे येऊन पडलेले. असे शेवळ सापडले की मी जमिनीवर पोट टेकतो, कारण कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर राहिला तर या फुलाची केवळ टोपी दिसते. कोठे शोधावे हे मला शिकवले ते पाड्यांवरील ठाकर आणि वारली बायकांनी. त्यांना शेवळाची जागा आदल्या वर्षापासून ठाऊक असते.

आषाढ लागला की प्रकाशाचे स्वरूपच बदलते. संपूर्ण आकाश एकसंध, पांढुरके, दिशाहीन होते आणि वस्तूंच्या सावल्या नाहीशा होतात; शहरातील चित्रशाळेत दिव्यांवर पडदे लावून जो मऊ प्रकाश सायासाने निर्माण करावा लागतो, तो येथे सकाळपासून सायंकाळपर्यंत सांडलेला असतो. याच दिवसांत आषाढ आमरी फुलते. पान जमिनीला चिकटून पसरलेले, हृदयाकृती, आणि त्यातून निघालेल्या वीतभर देठावर शुभ्र फूल. या शुभ्रतेशी वागताना सावधगिरी लागते. कॅमेऱ्याचे मापक यंत्र समोरचे सर्व दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरते. त्यामुळे चौकट पांढऱ्या फुलाने भरली तर ते फूल मळकट उमटते आणि प्रकाश वाढवावा लागतो, आणि उलट, काळ्या ओल्या मातीच्या पसाऱ्यात ते एवढेसे असले तर यंत्र मातीकडे पाहून प्रकाश वाढवते, पाकळ्यांतील शिरा जळून जातात, आणि तो कमी करावा लागतो. आमरीला मी मातीसकट घेतो, म्हणून मला दुसरा मार्ग पत्करावा लागतो. माती किंचित काळोखी राहते, पण ओठाच्या टोकाला लागलेला चिखलाचा शिंतोडा दिसतो.

श्रावणाच्या सुमारास बांधावरच्या कुंपणात कळलावी चढते, आणि या एका वेलीसाठी मी हातातली बाकी सगळी कामे तहकूब करतो. पानांची टोके लांबून त्यांचेच ताणे झालेले असतात, आणि त्या ताण्यांनी ती करवंदीच्या जाळीला धरून वर जाते. फूल खाली मान घालून लोंबते. परंतु त्याच्या सहा पाकळ्या मागे वळून आकाशाकडे उभ्या राहतात, पुंकेसर आडवे, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सभोवार पसरतात, आणि स्त्रीकेसराची दांडी मुळापाशीच काटकोनात मोडून एका बाजूला निघून जाते. पाकळ्यांच्या कडा लहरदार असतात. प्रथम दिवशी रंग हिरवट-पिवळा. मग टोकांकडून नारिंगी चढू लागते, आणि काही दिवसांनी संपूर्ण फूल गडद रक्तवर्ण होऊन पाकळ्या अधिकच आवळल्या जातात. एकाच वेलीवर हे सर्व वयाचे टप्पे एकदम उपस्थित असतात. म्हणून एका फुलाचे निकट चित्र, कितीही सुस्पष्ट असले तरी, कळलावीविषयी अपुरी माहिती देते. वेलीचा हातभर तुकडा, वरचे कोवळे पिवळे फूल, मधले नारिंगी आणि खालचे उतरलेले तांबडे फूल असा घेतला तर एका चित्रात आठवडा सामावतो. यात तांत्रिक अडचण अशी की जवळून काम करणाऱ्या भिंगाला एका वेळी फार थोडी जाडी सुस्पष्ट दाखवता येते. फूल प्रत्यक्ष आकाराएवढे टिपायचे तर ती एक-दोन मिलिमीटरांच्या घरात येते, आणि छिद्र लहान करीत गेले तर प्रकाश उणा पडून वाऱ्याची प्रत्येक झुळूक चित्र पुसते. त्यामुळे मी दोन हात मागे सरकतो, ट्रायपॉड चिखलात खोल रोवतो, कॅमेऱ्याचा पाठभाग वेलीला समांतर आणतो, आणि वारा पडण्याची वाट पाहतो. श्रावणात वारा पडतो तो सर येण्याच्या अगदी आधी. तेवढा अवकाश पुरतो. या वेलीचा कंद आणि इतर सर्व भाग विषारी आहेत हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. चित्र घेताना पोरे लांब उभी राहून मला हात न लावण्याची ताकीद देत असतात.

भाद्रपदात मात्र वाट पाहावी लागत नाही. सर्वच एकदम येते. गौरींच्या सुमारास उतारांवर गुलाबी तेरडा, सड्यांवर सोनकी, ओलसर कातळावर सीतेच्या आसवांची निळसर-जांभळी झाक, आणि गवताच्या कडेने कवला, ज्याची पाने बोट लागताच मिटतात आणि ज्याची भाजी आषाढातच खाऊन झालेली असते. निळ्या-जांभळ्या फुलांनी फिल्मच्या काळी छायाचित्रकारांना फार छळले. अशा कित्येक फुलांच्या पाकळ्या दृश्य वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडचा प्रकाशही मुबलक परत फेकतात. मानवी डोळ्यास तो जाणवत नाही, परंतु रंगीत फिल्मला जाणवे, आणि निळे फूल गुलाबी होऊन धुलाईतून परत येई. आजच्या कॅमेऱ्यांत तो प्रकाश अडवणारी काच असते, त्यामुळे हा त्रास पुष्कळ उणावला; त्याच्या जागी पिवळ्याचा आला. सोनकीच्या पाकळ्या किंवा आश्विनाच्या तोंडाशी वरकस जमिनीवर फुललेले खुरासणीचे शेत उन्हात टिपले, तर तांबड्याची मात्रा इतकी भरून वाहते की पाकळीचा पोत नाहीसा होऊन रंगाचा सपाट ठिपका उरतो. मी खुरासणी ढगाच्या सावलीत घेतो, आणि शेजारची नागली-वरई चौकटीत राहील असे पाहतो, कारण खुरासणी हे या उतारांवर पेरलेले पीक आहे, तेलासाठी घेतलेले, आणि त्या पिवळ्यामागे एका कुटुंबाचे श्रम आहेत.

सड्यांविषयी एक गोष्ट येथे सांगणे मला अगत्याचे वाटते. साताऱ्याजवळचे कास २०१२ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत आले, तेथे पहारेकरी आहेत. खोडाळ्याच्या आणि सूर्यमाळच्या सड्यांना ते नाहीत. तेथील मातीचा थर बोटभर असतो, आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या एका रोपाच्या चित्रासाठी आडवा पडलेला माणूस शंभर रोपे चिरडून उठतो. उघड्या कातळावरच पाय ठेवावा, आणि जेथे कातळ पोहोचत नाही तेथील फूल सोडून द्यावे, हा नियम मी निरपवाद पाळतो.

कारवीचे प्रकरण निराळे. सात-आठ वर्षांत एकदा अख्खा डोंगर जांभळा होतो, बी धरतो आणि मरतो. मधल्या वर्षांत छायाचित्रकार तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. परंतु वारल्यांच्या घराचा कुड कारवीच्या काठ्यांचा असतो, त्यावर शेणमातीचा लेप बसतो, आणि त्या लेपावर तांदळाच्या पिठाने चित्र काढले जाते. म्हणजे ज्या भिंतीवर वारली चित्र आहे, तिच्या पोटात कारवी आहे. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८), ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ते याच जिल्ह्यातील डहाणू भागाचे. त्यांच्या परंपरेतील चित्रे मी पुनःपुन्हा पाहिली आहेत, आणि मला त्यांत झाड एकटे असे क्वचितच आढळले: त्याच्याखाली मुंग्यांची रांग आहे, फांदीवर पक्षी आहे, बाजूला लाकडे वाहणारी बाई आहे. माझ्या व्यवसायाचा सर्वात मोठा पाठ मला या भिंतींवर मिळाला. गेल्या बहराच्या वेळी मी जांभळ्या उताराबरोबर त्याच्या पायथ्याचा कुडाचा गोठाही चौकटीत घेतला, आणि ते चित्र मला इतर सर्व कारवीच्या चित्रांपेक्षा प्रिय आहे.

बागेतील फुलांस मी रानफुलांहून कमी लेखीत नाही, आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत तर बागेचे फूल म्हणजे मोगरा, जो आता घरोघरीच्या वाडीत रोख उत्पन्नाचे पीक झाला आहे. मोगऱ्याचे उमललेले फूल टिपण्यासाठी येथे येणे व्यर्थ आहे. पहाटे दव असतानाच कुटुंबातील सर्व माणसे ताटव्यांत वाकलेली असतात, टपोरी पण मिटलेली कळी देठापासून अलगद खुडून टोपलीत टाकतात, आणि माल उन्हाआधी दादरच्या फूलबाजाराकडे रवाना होतो. उमलणे घडते ते सायंकाळी, मुंबईत, कोणाच्या तरी अंबाड्यावर. म्हणून वाडीतल्या मोगऱ्याचे खरे चित्र कळीचे आणि ती खुडणाऱ्या बोटांचे. चिमटीत धरलेल्या कळीच्या हिरवट टोकावर दवाचा थेंब आणि नखात अडकलेली माती, एवढे सुस्पष्ट मिळाले की मी समाधानी असतो.

हिवाळा मी भराभर ओलांडतो. झेंडू, शेवंती, अबोली ही परसांतली फुले सकाळच्या तिरप्या उन्हात कोणालाही चांगली टिपता येतात. पुढे काटेसावर, पांगारा आणि पळस निष्पर्ण फांद्यांवर येतात, मोखाड्यास बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवाची सोंगे नाचू लागतात, आणि मग मोह गळू लागतो.

मोहाचे फूल फांदीवर शोधू नये. ते जमिनीवर पाहावे. पहाटेच्या अंधारात मांसल, मलईच्या रंगाची, बोराएवढी फुले टपटप पडत राहतात, आणि उजाडताच बायकामुले टोपल्या घेऊन वेचायला बसतात. हातात घेऊन नीट पाहिले तर पडलेल्या फुलाच्या तळाशी एक वाटोळे भोक दिसते. स्त्रीकेसराची लांब दांडी निदलासह फांदीवरच राहिलेली असते, आणि बाकीचे फूल तिच्यावरून निसटून खाली आलेले असते. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळतात. ही आग बुंध्याला चटके देते आणि कधी रानातही शिरते, त्यामुळे मला ती पसंत नाही. परंतु काळ्या राखेवर पडलेली फिकी फुले हा येथील मोहाचा वास्तव देखावा आहे, आणि राख वगळून त्याचे चित्र घेणे मला मान्य नाही.

अशा चित्रांचे ठसे काढून मी एकदा देवबांधच्या वाटेवरील एका पाड्यात घेऊन गेलो होतो. धूसर पार्श्वभूमीवर एकट्या फुलाची चित्रे, इतरांची म्हणून बरोबर नेलेली, तेथील एका म्हाताऱ्या बाईने शांतपणे पाहून बाजूला ठेवली. मग राखेवरच्या मोहाचे चित्र तिच्या हाती आले, ज्यात बुंध्याचे वाकडे मूळ आणि त्याला टेकलेला दगड होता, आणि ती म्हणाली, "हा तर खालच्या नाल्यावरचा मोह. याची फुलं मागून येतात, पण गोडीला चांगली." ते झाड पूर्वी कोणाच्या वाट्याचे होते, कोणत्या वर्षी त्याच्या फांदीवर वीज पडली, त्याची फुले वाळवून ठेवली तर पावसाळ्यात किती दिवस पुरतात, हे सर्व तिने त्या चित्रावर बोट ठेवून सांगितले. "पण दादा, तू उशिरा आलास," ती पुढे म्हणाली. "कोंबडा आरवायच्या आधी ये, मग पडताना दिसतील." तिचे हे सांगणे चित्राच्या क्रमांकापुढे मी नोंदवहीत जसेच्या तसे उतरवले आहे. येत्या फाल्गुनात त्या नाल्यावर अंधार असतानाच कॅमेरा मांडावयाचा आहे. फ्लॅश वापरावा की वेचणाऱ्यांच्या बॅटरीच्या उजेडावर भागवावे, याचा निर्णय अजून व्हायचा आहे.