राहुरी, स्टेशनचं

पुण्यात कुणी गाव विचारलं की मी राहुरी सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कृषी विद्यापीठाचं राहुरी?" मी हो म्हणते. खरं तर आमचं घर स्टेशनकडचं.

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ सालची, महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचं. विद्यापीठ नगर-मनमाड रस्त्याला लागून, स्टेशन गावापासून लांब. आमच्या लेखी अर्थ सरळ होता. शेतीत राहायचं तर विद्यापीठ, शेतीतून सुटायचं तर स्टेशन.

मार्ग तेव्हा एकेरी. मी इंजिनिअरिंगला निघाले त्या दिवशी गाडी क्रॉसिंगला अडकली. आबा खिडकीशी उभे होते. मी म्हटलं, "ॲग्रीला गेले असते तर घरूनच जाऊन-येऊन केलं असतं." ते म्हणाले, "शेतीचं शिकून परत शेतीतच येशील. जा."

गेल्या मे महिन्यात त्यांचा फोन आला. गुडघे धरलेत, येताना विद्यापीठातून खरिपाच्या कांद्याचं बी आण, फुले समर्थ मिळालं तर बघ, नाहीतर बसवंत ७८०. पहाटे स्टेशनवर उतरले आणि घरी न जाता तशीच रांगेत उभी राहिले. पाठीवर लॅपटॉपची बॅग.

मागच्या काकांनी विचारलं, "ताई, किती एकराचं घ्यायचंय? एकराला तीन-चार किलो धरा."

मला सांगता येईना. ऑफिसात कुठला सर्व्हर कशावर चालतो हे झोपेतही सांगेन. आमच्या रानात कांदा किती, ते माहीत नव्हतं. बाजूला होऊन फोन लावला.

"एका एकराचं घे."

"एवढंच?"

"बाकीचं वाट्यानं दिलंय."

"कधी?"

"झाली दोन वर्षं. तू कामात होतीस."

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. ज्या रानातून मला त्यांनी सोडवलं, तिथून ते स्वतःही हळूहळू बाहेर पडत होते. मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

घरी पोचले. आबांनी पिशवीतलं काळंभोर बी तळहातावर घेतलं, बोटानं पसरून पाहिलं.

"पुढच्या वर्षी सुट्टी काढून येते, मग आपण जास्त करू," मी म्हटलं.

"कांद्याचं बी पुढच्या वर्षापर्यंत उगवायचं राहत नाही, पोरी. यंदाचं यंदाच टाकावं लागतं." मग नेहमीचा प्रश्न, "परतीची गाडी कधीची?"

तिकीट रविवारचं होतं. मी म्हटलं, "आधी रोप टाकू."